प्रश्न कुणाला विचारायचा?

१८७० साली पुण्यात एक मोठा वाद रंगला. विधवेचं पुन्हा लग्न शास्त्राला मान्य आहे की नाही, हा विषय, आणि समोर साक्षात शंकराचार्य. सरकारने १८५६ मध्येच कायदा करून अशा लग्नाला मुभा दिली होती. पण कायद्याने पंगतीत पान मिळत नाही. म्हणून सुधारकांच्या बाजूने विष्णुशास्त्री पंडित शास्त्राधार घेऊन उभे राहिले. पराशरस्मृतीतल्या श्लोकाचा अर्थ असा की तसा, यावर खल झाला आणि निकाल सुधारकांच्या विरुद्ध गेला.

हरले ते हरले. पण एक गोष्ट दोन्ही पक्षांना मान्यच होती: पोथी सांगेल ते खरं. भांडण होतं ते पोथी नेमकं काय सांगते, एवढ्यापुरतं. ज्या बायकांच्या आयुष्याचा निवाडा चालला होता, त्यांना विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

जोतीराव फुल्यांनी भांडणाची जागाच बदलली. पोथी काय म्हणते, यापेक्षा ती लिहिली कुणी आणि तिचा लाभ कुणाला, हे ते विचारू लागले. १८७३ ची ‘गुलामगिरी’ याच प्रश्नावर उभी आहे. त्याच्या दहा वर्षं आधी त्यांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं, त्यामुळे हा प्रश्न नुसता कागदावरचा नव्हता.

त्याच १८७३ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांची पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाचा हा खंदा पुरस्कर्ता आता काय करतो, याकडे पुण्याचं लक्ष लागलं. वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांच्या कुमारिकेशी लग्न केलं. याला नुसता ढोंगीपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण रानड्यांची बुद्धी काही माजघराच्या उंबऱ्याशी येऊन संपली नव्हती. त्याच मुलीला, रमाबाईंना, त्यांनी घरच्या बायकांचा विरोध पत्करून शिकवलं. चिकित्सा कमी पडली ती स्वतःच्या बोहल्याशी.

नेमक्या त्याच जागी बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी बोट ठेवलं. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती सौम्य करण्यात आली. पण तेवढ्यात वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या चारित्र्याचा पंचनामा सुरू झाला. ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून उलटतपासणी घेतली. बायको मेल्यावर पुरुष का नाही तोंड लपवत, दाढीमिशा भादरून रानात का नाही जाऊन बसत? नवऱ्यासाठी यमाच्या मागे सावित्री गेली. बायकोसाठी कुणी गेल्याचं ऐकलंय का? बाईच्या अंगी चिकटवलेला एकेक दुर्गुण उचलून तो पुरुषांत किती पटींनी आहे, हे त्या दाखवत जातात, तेही घरात भांडताना असते तशा सडेतोड भाषेत. लेखन पसरट आहे, राग कुठे कुठे युक्तिवादाच्या पुढे धावतो. तरी आधीच्या विद्वानांना न सुचलेलं इथे घडतं. प्रश्न विचारणारा पुरुष स्वतःच पिंजऱ्यात उभा राहतो.

हे पचणं अवघड होतं. टीकाकारांत फुल्यांच्याच सत्यशोधक समाजाच्या गोटातलेही होते. आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकातून फुल्यांनी या मंडळींना कानपिचक्या देत ताराबाईंची पाठराखण केली. पण त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही, आणि पहिलंही विस्मरणात गेलं. ते शोधून पुन्हा छापलं स. गं. मालशे यांनी, १९७५ मध्ये. मधल्या नव्वदाहून अधिक वर्षांत आगरकरांचा ‘सुधारक’ निघाला, बुद्धिवादावर व्याख्यानं झडली, ग्रंथ आले; हे पुस्तक मात्र कुणाला फारसं आठवलं नाही.

आज प्रश्न विचारण्याचं कौतुक फार आहे. कौतुक करणाऱ्यानेही नावनोंदणीचा एखादा जुना अर्ज नीट पाहावा. मुलाचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. हा क्रम इतका सवयीचा की तो कुणीतरी कधीतरी ठरवला असेल, असं वाटतच नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव लिहिण्याचा निर्णय घेतला. त्याच निर्णयात विवाहित स्त्रीच्या नावापुढे पतीचं नाव लावण्याची पद्धत मात्र पूर्वीप्रमाणेच चालू ठेवली आहे.