झाशीचा गोलंदाज

झाशीच्या किल्ल्यात 'कडक बिजली' ही तोफ आजही पाहायला मिळते. १८५८च्या वेढ्यात ती डागणारा गुलाम गौस खान हा राणी लक्ष्मीबाईंचा गोलंदाज. आज शाळकरी पोरासमोर गोलंदाज म्हणा, त्याच्या डोळ्यांपुढे बुमराह उभा राहतो. तोफगोळ्याच्या जागी चेंडू आला, फारसीतून आलेला शब्द मात्र हलला नाही. उलट त्याला धाकटा भाऊ झाला. 'फळी'ला तेच फारसी शेपूट जोडून आपण 'फलंदाज' घडवला. असा शब्द इराणात शोधून सापडायचा नाही!

हे सांगायचं कारण वेगळं आहे. पेशव्यांचे सुभेदार नारो शंकर झाशीत गेले, मागून नेवाळकर आले, त्यांच्याबरोबर मराठी घरंही तिथे रुजली. १८४२ साली मनकर्णिकेचं, म्हणजे पुढच्या राणी लक्ष्मीबाईंचं, गंगाधरराव नेवाळकरांशी जिथे लग्न लागलं, ते गणेश मंदिर अजून तिथे आहे. उत्तरेतल्या अशा घरांच्या मराठीला हिंदीचं वळण लागणारच. पण तिकडची एखादी भाची पुण्याच्या लग्नात "मी येऊन राहिले" म्हणाली, की मांडवात खसखस पिकते. एखादी मावशी प्रेमानं सांगते, "मराठी जरा दुरुस्त कर गं!" यातले 'जरा' आणि 'दुरुस्त' दोन्ही बाहेरून आलेले, हे मावशीच्या गावीही नसतं.

नवे शब्द घडवू नयेत, असं मी म्हणत नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. त्या काळात फारसी पदनामांच्या जागी आलेले 'सचिव' आणि 'सेनापती' आज आपलेच आहेत. 'पेशवा' मात्र 'मुख्य प्रधान' होऊनही लोकांच्या तोंडी पेशवाच राहिला. सावरकरांचा 'दिनांक' अर्जावर बसला, बोलण्यात 'तारीख'च चालते. कोणता शब्द ठेवायचा, ते शेवटी बोलणारे ठरवतात.

मला खुपते ती दुसऱ्याचं तोंड सुधारण्याची हौस. वरसईचे विष्णुभट गोडसे यांनी झाशीचा वेढा आत राहून पाहिला आणि पुढे 'माझा प्रवास' लिहिला. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी तो छापला, हे उपकारच. पण छापताना भटजींच्या लेखणीवर त्यांनी आपला हात फिरवला. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी आणला, तो १९६६ साली. तोवर जवळजवळ साठ वर्षं वाचक ज्याला गोडसे भटजींची मराठी समजत होते, ती काही अंशी वैद्यांची होती.

भाची बोलते तेव्हा तिला मध्येच अडवू नये. तिच्या आजीचे शब्द विचारावेत, जमल्यास वहीत उतरवून घ्यावेत. आपण हसतो. पुढच्या लग्नात ती सरळ हिंदीत बोलते, आणि पंगतीत आपणच कुजबुजतो, "तिकडच्यांनी मराठी सोडलीच की!"