शिस्त म्हणजे अविश्वास का?

आमच्या क्षेत्रात 'प्रोसेस' हा शब्द निघाला की मॅनेजरचा चेहरा उजळतो आणि कोड लिहिणाऱ्याचा पडतो. माझ्या वयाच्या बहुतेकांना चेकलिस्ट, कोड रिव्ह्यू, वेळेच्या नोंदी हे सगळं एकाच वाक्यासारखं ऐकू येतं : 'तुमच्यावर आमचा विश्वास नाही.' हा आक्षेप आळशीपणाचा म्हणून झटकून टाकता येईल, पण त्यात स्वाभिमानाचा प्रश्न आहे. काम येणाऱ्या माणसाला पायरीपायरीवर टिकमार्क का करायला लावायचं?

१ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या अमेरिकन ब्रोकरेज कंपनीत जे घडलं, ते इथे पाहण्यासारखं आहे. नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. सातांवर चढला, एक राहून गेला. २००३ पासून वापरात नसलेला जुना कोड तिथे तसाच पडून होता, आणि नव्या कोडने त्याचाच एक फ्लॅग पुन्हा वापरला होता. बाजार उघडताच जुना कोड जागा झाला. ग्राहकांच्या अवघ्या २१२ ऑर्डर पुऱ्या करण्याच्या नादात पाऊण तासात चाळीस लाखांहून जास्त सौदे झाले. नुकसान ४६ कोटी डॉलरच्या वर गेलं.

चूक कोणाची? आपलं बोट लगेच त्या सर्व्हर विसरलेल्या माणसाकडे जातं. अमेरिकेच्या बाजार नियामकाने २०१३ च्या आदेशात वेगळ्या गोष्टीवर बोट ठेवलं : ते काम दुसऱ्या कोणी तपासलं नव्हतं, आणि तपासावं असा लेखी नियमही कंपनीत नव्हता. बाजार उघडण्याआधी सिस्टिमने आपणहून ९७ ईमेल पाठवले होते, त्यांत ती चूक दिसत होती. पण असे ईमेल वाचणं हे कोणाचंच काम नव्हतं.

विसरणं हा काही गुन्हा नाही. कोट्यवधींचा डोलारा एका माणसाच्या स्मरणशक्तीवर उभा करायचा, आणि कोसळला की त्यालाच बेजबाबदार म्हणायचं, हा मात्र अन्याय आहे. गावाला निघताना घरात कोणीतरी विचारतंच, 'गॅस बंद केलास ना?' लावलेलं कुलूप दुसरं कोणी ओढून बघतं. त्याचा कोणाला राग येत नाही, कारण घर सगळ्यांचं असतं. रिव्ह्यू करणारे दुसरे डोळे असे असतील, तर तो अविश्वास नाही, ती ओझ्याची वाटणी आहे.

मग राग येतो तो कशाचा? वॉट्स हम्फ्री यांच्या कामात मला याचं उत्तर सापडतं. आयबीएममधून कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये आलेला हा माणूस शिस्तीचा कट्टर पुरस्कर्ता. १९९५ मध्ये त्यांनी 'पर्सनल सॉफ्टवेअर प्रोसेस' ही पद्धत पुस्तकरूपाने मांडली. प्रत्येक इंजिनिअरने आपला वेळ, कोडचा आकार आणि प्रत्येक बग नोंदवायचा, आपला अंदाज आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ शेजारी ठेवून पाहायचा. वाचताना अंगावर काटा येतो. पण त्यांचा आग्रह असा, की या वैयक्तिक नोंदी इंजिनिअरच्याच. मॅनेजरने त्या माणूस जोखायला वापरायच्या नाहीत.

हे सौजन्य नव्हे, व्यवहार आहे. बगची संख्या अप्रेजलमध्ये मोजणारी टीम मी पाहिली आहे. तिथे टेस्टर बग टिकेटवर लिहीत नसत, चॅटवर हळूच सांगत. डॅशबोर्ड हिरवागार, आणि प्रॉडक्शनमध्ये रोजची पळापळ. ज्या आकड्याने शिक्षा होते तो आकडा खरं बोलणं सोडतो.

अंदाजांचंही तेच. हवामान खातं पावसाचा अंदाज देतं. तो चुकला तर आपण विनोद करतो, पण खात्याने शब्द मोडला असं म्हणत नाही. ऑफिसात मात्र 'साधारण पाच दिवस लागतील' हे संध्याकाळपर्यंत क्लायंटला दिलेलं वचन झालेलं असतं. पुढच्या वेळी माणूस एकतर दुप्पट सांगतो, नाहीतर मॅनेजरला आवडेल ते सांगतो. दोन्ही खोटंच. त्याची किंमत मोजतो तो रांगेतला शेवटचा : शनिवारी रात्री जागणारा टेस्टर, किंवा ज्याच्या खात्यातून पैसे गेले पण तिकीट आलं नाही असा कोणी अनोळखी.

म्हणून प्रोसेस हवी की नको, या वादात मला फारसा रस उरलेला नाही. मी एकच गोष्ट बघतो : या पद्धतीत वाईट बातमी लवकर सांगणं सोपं होतं की अवघड? मागच्या दहा कामांच्या नोंदी हाताशी असतील, तर ज्युनिअरसुद्धा म्हणू शकतो, 'असल्या कामाला मला सहा ते नऊ दिवस लागतात, पाचात होणार नाही.' त्याच्या 'नाही'ला आधार मिळतो. त्याच नोंदी त्याच्यावर उगारल्या, तर तो उद्यापासून त्या रचून लिहील, आणि त्याला दोष देण्याचा हक्क आपल्याला उरणार नाही.

टीमची शिस्त ओळखायला सर्टिफिकेट लागत नाही. 'शुक्रवारी होणार नाही' असं सोमवारीच सांगणाऱ्याशी तिथे कसं वागतात, एवढं पाहावं.