जवळची वाट



संस्थानच्या कार्यालयात बसणाऱ्या माणसाला वर्षभर जे प्रश्न ऐकावे लागतात, त्यांत निवासाची सोय आणि महाप्रसादाची वेळ यांच्याखालोखाल एक प्रश्न ठरलेला असतो. देवीचे दर्शन झालेले असते, हाती अर्धा दिवस शिल्लक असतो आणि समोर सातमाळ्याची डोंगररांग उभी असते. मग कोणीतरी खिडकीशी येऊन विचारतो, "साहेब, वर जायला जवळची वाट कुठली?" आजवर शेकडो वेळा मी या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. मात्र प्रश्न दिसतो तितका सोपा नाही, तो अंतराइतकाच आचरणाचाही आहे, हे ध्यानात यायला मला बरीच वर्षे लागली. त्याविषयी चार शब्द लिहावेत, म्हणून हा लेखप्रपंच.

चाळीसगावहून सुमारे १८ किलोमीटरवर, जेथे खानदेशची सपाट काळी जमीन संपते आणि मराठवाड्याचा कडा सुरू होतो, तेथे पाटणे हे लहानसे गाव आहे. एके काळी येथे पाटण नावाचे नांदते नगर होते. चंडिकादेवीचे प्राचीन मंदिर, केदारकुंड आणि धवलतीर्थ हे धबधबे, कण्हेरगड, त्याच्या अंगाखांद्यावरील नागार्जुनाची कोठडी, सीतेची न्हाणी व शृंगारचावडी ही लेणी, आणि डोंगरात आणखी वर पितळखोऱ्याची बौद्ध लेणी, अशी ही सारी स्थळे परस्परांशी जोडली गेली आहेत ती मुख्यत्वे पायवाटांनी. १९८६ साली घोषित झालेल्या, सुमारे २६० चौरस किलोमीटरच्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात हा परिसर मोडतो. अभयारण्याच्या नावातील औट्रम म्हणजे १८२५ साली खानदेशात भिल्ल पलटण उभी करणारे इंग्रज अधिकारी जेम्स औट्रम होत.

घाटाला अधिकाऱ्याचे नाव मिळाले. लेण्यांनाही आपले दाते ठाऊक आहेत. पितळखोऱ्यात प्रतिष्ठान म्हणजे आजच्या पैठणच्या मितदेव नामक गंधी घराण्यातील दात्याचे नाव कोरलेले आहे, आणि तेथील यक्षमूर्तीच्या हातावर ती घडविणाऱ्या कृष्णदास सोनाराचे नाव आहे. पायवाटेवर मात्र कोणाचेच नाव नाही. ती कोणी आखली नाही, कोणी तिचे उद्घाटन केले नाही, कोणत्याही वहीत तिच्या खर्चाची नोंद नाही. गुराखी, लाकूडफाटा वेचणाऱ्या बाया, व्यापारी, भिक्षू, विद्यार्थी आणि यात्रेकरू यांच्या पायांनी ती शतकानुशतके घडली. जे सर्वांनी मिळून घडविले ते कोणा एकाचे नसते, आणि जे कोणा एकाचे नसते ते बिघडविताना कोणालाच संकोच वाटत नाही. खरा प्रश्न येथूनच सुरू होतो.

डोंगरावरची जुनी वाट कधी सरळ चढत नाही. ती उताराला तिरपी जाते, वळसा घेते, पुन्हा उलट फिरते. घाईच्या माणसाला हे वळसे निरर्थक वाटतात. खालच्या वळणावरून वरचे वळण हाकेच्या अंतरावर दिसत असते. मग तो मधल्या गवतातून सरळ वर घुसतो किंवा घसरत खाली उतरतो. दुसऱ्या दिवशी आणखी दहाजण त्याच्या मागे जातात आणि महिन्याभरात तेथे एक 'मधली वाट' तयार होते.

त्यानंतर जे घडते ते पावसाळ्यात कोणीही डोळ्यांनी पाहावे. पायांखाली गवत मरते, माती दाबली जाऊन कठीण होते, पाणी जमिनीत मुरत नाही. तिरप्या वाटेवर पाण्याला वेग येत नाही, परंतु उभ्या मधल्या वाटेवरून ते पन्हळीतून धावावे तसे धावते. काळ्या कातळावर मातीचा थर मुळातच पातळ असतो. पहिल्या वर्षी बोटभर चर पडतो, पुढे त्याची घळ होते, झाडांची मुळे उघडी पडतात, दगड सैल होतात आणि शेवटी ती घळ खालच्या जुन्या वाटेलाही कापून टाकते. येथून गेलेली माती डोंगरी नदीने तितूर नदीत, तितूरमधून गिरणेत आणि गिरणेतून तापीत जाते. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस अतिवृष्टी होऊन कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि डोंगरी व तितूर या नद्यांचे पाणी चाळीसगावात शिरले. त्या आपत्तीचे खापर पायवाटांवर फोडणे अन्यायाचे होईल. डोंगरावर जे घडते ते डोंगरावरच राहत नाही, एवढे मात्र त्या दिवसांत आम्हां सर्वांना उमगले.

यावर एक प्रामाणिक आक्षेप नेहमी घेतला जातो. "साहेब, मी एकटा चाललो म्हणून डोंगर खचणार आहे का?" हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण एका पावलाने डोंगर खचत नाही हे सत्यच आहे. इसवी सनपूर्व चौथ्या शतकात ग्रीसमधील युबुलिडीस या तर्कपंडिताच्या नावावर असेच एक कोडे सांगितले जाते. धान्याचा एक दाणा म्हणजे रास नव्हे. त्यात आणखी एक दाणा टाकला तरी रास होत नाही. मग रास होते तरी केव्हा? तसेच कोणत्या पावलाने घळ पडली हे कोणीही दाखवू शकणार नाही. शंभरावे पाऊल म्हणेल, माझ्या आधीच पडली होती, आणि पहिले म्हणेल, माझ्या वेळी काहीच नव्हते. अशा रीतीने सर्व पावले निर्दोष ठरतात आणि घळ मात्र समोर दिसत असते.

इंग्लंडमधील तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या विचारसरणीची गणना नैतिक हिशेबातील चुकांमध्ये केली आहे. आपल्या कृतीचा परिणाम इतका सूक्ष्म आहे की तो जाणवतही नाही, म्हणून ती कृती दोषास्पद नाही, असे मानणे ही ती चूक. कार्यालयात हिशेब लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हे चटकन पटले. पंचांसमक्ष दानपेटी उघडली जाते तेव्हा रुपयाचे नाणे 'एवढ्याने काय होते' म्हणून कोणी बाजूला टाकत नाही. तेही मोजले जाते, कारण बेरीज त्याच्याविना पुरी होत नाही.

मी उपदेशकाच्या भूमिकेतून बोलत नाही, कारण हा दोष माझ्याकडूनही घडला आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी नवरात्रात, कार्यालय उघडण्यास उशीर होईल म्हणून, मी दोन वळणे सोडून मधून उतरलो. पायाखालचा नारळाएवढा दगड सुटला आणि उड्या घेत खालच्या वळणाकडे गेला. तेथे कडेवर मूल घेतलेली एक बाई चढत होती. दगड तिच्यापासून दोन हातांवरून दरीत गेला. मी धापा टाकीत खाली पोहोचलो. ती रागावली नाही. मुलाला दुसऱ्या कडेवर घेत एवढेच म्हणाली, "भाऊ, वाट शे ना!"

त्या चार अहिराणी शब्दांपुढे माझ्याजवळ उत्तर नव्हते. वाट होती. माझ्यासाठी होती आणि तिच्यासाठीही होती. मी वाचविलेली पाच मिनिटे माझी होती, धोका मात्र तिच्या मुलाचा होता. जवळची वाट कोणाच्या जवळची, आणि तिची किंमत कोण मोजतो, हे मला त्या दिवशी कळले.

आता दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे. आज आपण जिला जुनी वाट म्हणतो, तीही कोणीतरी प्रथम गवत तुडवूनच पाडली ना? गुराखी आजही आपली वाट काढतो. त्याला दोष द्यायचा का? माझ्या अल्पमतीप्रमाणे फरक गरजेचा आणि जाणतेपणाचा आहे. ज्याला याच डोंगरावर उद्याही यायचे आहे, तो उताराचा कल, पाण्याची दिशा आणि गुरांचा पाय ओळखून चालतो. चुकल्यास त्याचे फळ त्यालाच भोगावे लागते. आपण एका दिवसाचे पाहुणे. आपली चूक आपल्या मागे राहते आणि ती दुसऱ्यांना भोगावी लागते. म्हणून पाहुण्याला वाटेचे बंधन यजमानापेक्षा अधिक असले पाहिजे. वृद्धांना लांब वळसे सोसत नाहीत असेही सांगितले जाते, परंतु अनुभव उलट आहे. गुडघ्यांना वळशाचा चढ सोसतो, उभा चढ सोसत नाही. मधून जाणारे बहुधा धडधाकट तरुणच असतात. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात लोकसंग्रहाचा विचार आला आहे. पुढचा जसा वागतो तसे मागचे वागतात, हे तेथील तत्त्व डोंगरवाटेवर अक्षरशः प्रत्ययास येते.

एकेकाचा वाटा सूक्ष्म असतो, हे मात्र दोन्ही बाजूंनी खरे आहे, आणि याचा पुरावा याच पाटणात आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापिला. त्याविषयीचा १२०७ सालचा शिलालेख प्रसिद्ध आहे. मठाचा खर्च कसा चालावा याची व्यवस्था त्याच्या जुन्या मराठीतील भागात सांगितली आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर ग्राहकाकडून राजाला मिळणारा हिस्सा मठाला दिला गेला, आणि जितके घाणे चालतील तितक्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल नेमून दिले गेले. पळीभर तेलाने कोणताही मठ चालत नाही. 'माझ्या एका पळीने काय होणार' असे प्रत्येक तेल्याने म्हटले असते, तर विद्यार्थ्यांसाठी दिवाच लागला नसता. ज्या न्यायाने पळीपळीने विद्येचा दिवा तेवतो, त्याच न्यायाने पावलापावलाने डोंगर खचतो. पहिला न्याय आपण आनंदाने मान्य करतो. दुसराही मान्य करणे हे प्रामाणिकपणाचे लक्षण होय.

यात आशेची एक गोष्ट आहे. मधली वाट फार खोल गेली नसेल आणि तिच्यावर चालणे थांबले, तर काही पावसाळ्यांत गवत तिला पुन्हा झाकून टाकते. म्हणून 'वाट तर आधीच पडली आहे, आता माझ्याने काय फरक पडणार' हे म्हणणेही टिकत नाही. ती उघडी राहते ती रोज कोणी ना कोणी तिच्यावर पाऊल ठेवतो म्हणून. जो ठेवत नाही, तो तिला भरून येण्यास एका पावलाची सवड देतो.

तेव्हा भाविकांना नम्र विनंती अशी की, डोंगरात जाताना रुळलेली वाट सोडू नये. वळसे पुरे करावेत. खालून कोणी चढत असल्यास थांबून वाट द्यावी. पावसाळ्यात कुंडाजवळच्या निसरड्या खडकांवर उतरू नये. वनखात्याच्या सूचना पाळाव्यात आणि दिवस मावळण्यापूर्वी परतावे. मुलांना मधून धावू देऊ नये, आणि का ते त्यांना समजावून सांगावे.

आजही खिडकीशी कोणी जवळची वाट विचारली, तर मी जुनीच वाट दाखवितो. क्वचित कोणी म्हणतो, "ही तर लांबची आहे." मी म्हणतो, "दहा मिनिटे जास्त लागतील. पण आपल्यामागून येणाऱ्यांनाही ती वाट हवी आहे." बहुतेक जण हसून मान डोलावतात आणि वळशाने चालू लागतात.