स्वागताची पाटी आणि आतला हक्क

एखाद्या जुन्या चर्चने नवे बोधचिन्ह घेतले, पाटीवर ‘सर्वांचे स्वागत’ लिहिले, दारावर सप्तरंगी झेंडा लावला, की दोन आक्षेप हमखास येतात. श्रद्धेला जाहिरात कशाला, हा पहिला. चर्चचे दार मुळातच सर्वांना उघडे आहे, मग वेगळे सांगायचे कशाला, हा दुसरा. पहिल्यात तथ्य आहे. दुसरा मात्र दारातून कधी परत फिरावे न लागलेल्या माणसालाच सुचतो. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या बाहेर ठेवले गेले, त्याला चर्चच्या मौनातून नकारच ऐकू येतो. त्याला नाव घेऊनच बोलवावे लागते.

अमेरिकेतल्या युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टचे उदाहरण इथे महत्त्वाचे आहे. हा संघ १९५७चा, पण त्याची मुळे सतराव्या शतकातल्या न्यू इंग्लंडच्या प्युरिटन मंडळ्यांत आहेत. २००४च्या अखेरीस त्याने दूरचित्रवाणीसाठी एक जाहिरात केली. चर्चच्या दारात दोन दांडगे पहारेकरी उभे आहेत. कोणाला आत सोडायचे ते ठरवताना ते समलिंगी जोडप्याला, गौरेतर माणसांना, चाकांच्या खुर्चीवरच्या माणसाला परत पाठवतात. येशूने कोणाला परत पाठवले नाही, आम्हीही पाठवत नाही, असा तिचा आशय होता. सीबीएस आणि एनबीसी या वाहिन्यांनी ती वादग्रस्त ठरवून नाकारली. स्वागताचे साधे वाक्य इतके बोचले, यावरूनच ते उच्चारण्याची किती गरज होती हे कळते.

त्या वाक्याला वजन होते, कारण त्याआधी बरेच काही घडले होते. याच चर्चने १९७२ मध्ये उघडपणे समलिंगी असलेल्या एका व्यक्तीला पाळकपदाची दीक्षा दिली होती. १९८५ मध्ये त्याच्या महासभेने स्थानिक मंडळ्यांना आवाहन केले, की समलिंगी सभासदांना आपण पूर्णपणे स्वीकारतो असे जाहीर करा. हे वरून लादलेले फर्मान नव्हते. निर्णय प्रत्येक मंडळीने आपापला घ्यायचा होता. जाहिरातीनंतरच्या वर्षी महासभेने समलिंगी विवाहाला पाठिंबा दिला, तेव्हा अनेक मंडळ्या संघातून बाहेर पडल्या. ज्या शब्दासाठी काही गमवावे लागते, त्यावर बाहेरचा माणूस विश्वास ठेवू शकतो.

तरीही आत घेणे आणि बरोबरीने बसवणे यांत अंतर उरतेच. १६६९ मध्ये स्थापन झालेले बोस्टनचे ओल्ड साउथ चर्च आज याच संघात आहे आणि खुल्या स्वागताबद्दल ओळखले जाते. सेलमच्या चेटूक-खटल्यांत न्यायाधीश असलेले सॅम्युएल स्युअल १६९७ मध्ये याच मंडळीसमोर उभे राहिले आणि पाळकांनी त्यांचा कबुलीजबाब वाचून दाखवला. गुलाम म्हणून विकली गेलेली कवयित्री फिलिस व्हीटली १७७१ मध्ये इथली सभासद झाली, तेव्हा ती गुलामच होती. देवासमोर तिचा आत्मा समान मानला गेला; पण त्या काळी न्यू इंग्लंडच्या चर्चांमध्ये काळ्या माणसांना बसवत ते वरच्या सज्ज्यात. हा सगळा वारसा एकाच मंडळीचा आहे. नव्या ओळखीने त्यातला अभिमानास्पद भाग तेवढा उचलला आणि सज्जा झाकला, तर ज्यांना आज बोलवायचे आहे त्यांच्याच पूर्वजांची आठवण पुसली जाईल.

हा प्रश्न मराठी ख्रिस्ती समाजालाही परका नाही. याच परंपरेतल्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले, १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला काम सुरू केले. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५च्या बाप्तिस्म्यानंतर त्यांच्याच मराठी मिशनमध्ये काम करू लागले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना तिथे जागा होती. नाव नवे होते, आणि आपले कोणाला म्हणायचे याची व्याख्याही नवी होती. त्या व्याख्येसाठी टिळकांनी आपली सुरक्षितता सोडली.

म्हणून जुन्या चर्चने नवी पाटी जरूर लावावी, पण आधी काही प्रश्नांची उत्तरे सभेत, मतदानाने आणि लेखी द्यावीत. ज्याचे स्वागत करतो त्याचे लग्न इथे लागेल का? तो प्रवचनपीठावरून बोलेल का? पैसा कुठे खर्च करायचा हे ठरवताना त्याचे मत मोजले जाईल का? चाकांच्या खुर्चीला प्रभुभोजनाच्या मेजापर्यंत वाट आहे का? उत्तर ‘अजून नाही’ असेल, तर तेही स्पष्ट सांगावे. त्यामुळे निदान कोणी आशेने येऊन पुन्हा दुखावला जाणार नाही. उत्तर ‘होय’ असेल, तर ते मोठ्या अक्षरांत लिहायला संकोच नको. पाहुण्याचे आदरातिथ्य यजमानाच्या मर्जीवर असते, सभासदाचा हक्क तसा नसतो. चर्चने आपल्या पाटीवर या हक्काचे वचन द्यावे.