उघडी पोथी कोण वाचतं?

कुलपाची रचना शत्रूला कळली तरी बिघडू नये, किल्ली तेवढी आपल्याकडे हवी. ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये लष्करी सांकेतिक लेखनासाठी हा नियम मांडला. त्यांचं सांगणं एवढंच होतं की लपवाछपवीच्या भरवशावर राहू नका. पुढे त्याचा अर्थ हळूहळू सरकला. पुरेसे डोळे फिरले तर दोष फार काळ लपत नाही, असं प्रोग्रामर एरिक रेमंड यांनी १९९७ मध्ये लिनक्सच्या अनुभवावरून मांडलं आणि ‘उघडं ते सुरक्षित’ असं आम्ही संगणकवाले धरूनच चाललो. ऑफिसच्या सर्व्हरवर ओपनव्हीपीएन, म्हणजे माहिती कूटबद्ध बोगद्यातून नेणारं उघड्या कोडचं व्हीपीएन, चढवताना मीही म्हणायचो, “कोड सगळ्यांसमोर आहे, कोणीतरी बघितलंच असेल.”

एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ हा दोष उघडकीला आला. दुसरं टोक जागं आहे का हे पाहायला एक शब्द पाठवायचा, तो किती अक्षरांचा हे सांगायचं आणि तोच परत मागायचा, अशी सोय ओपनएसएसएल या सांकेतिक लेखनाच्या उघड्या कोडमध्ये होती. चार अक्षरं पाठवून ‘६४ हजार’ म्हटलं, तर सर्व्हर न मोजता शेजारच्या मेमरीतून उरलेली भरती करून द्यायचा. त्या भरतीत पासवर्ड येत, कधी खासगी किल्लीसुद्धा. म्हणजे केर्कहॉफ्स यांनी जपायला सांगितलेली नेमकी तीच वस्तू. चूक ओपनव्हीपीएनच्या स्वतःच्या कोडमध्ये नव्हती, पण ते ओपनएसएसएलच्याच खांद्यावर उभं होतं.

ही सोय आणणारा बदल ओपनएसएसएलमध्ये ३१ डिसेंबर २०११ रोजी स्वीकारला गेला, तोही एका जाणकाराच्या नजरेखालून. प्रकल्पाला देणग्या मिळत वर्षाला सुमारे २,००० डॉलर. मला दोषापेक्षा ही रक्कम जास्त बोचली. पोथी चौकात उघडी ठेवली होती, पण वाचणाऱ्याच्या पोटापाण्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

मग पैसे मोजून वाचून घेणं सुरू झालं. ओपनव्हीपीएनच्या दोन स्वतंत्र तपासण्यांचे अहवाल मे २०१७ मध्ये आले. एक सांकेतिक लेखनाचे तज्ज्ञ मॅथ्यू ग्रीन यांची, दुसरी क्वार्क्सलॅब या सुरक्षा कंपनीची. जूनमध्ये सुरक्षा संशोधक गिडो व्रँकेन यांनी त्यात आणखी चार दोष दाखवले, तेही ‘फझिंग’ने. प्रोग्रामला वेडीवाकडी पाकिटं भरवत राहायची आणि तो कुठे कोलमडतो ते बघायचं. तज्ज्ञ कमी पडले असं मी म्हणणार नाही. माणूस अर्थ लावत वाचतो आणि ‘असं कोण पाठवेल?’ म्हणत पुढे सरकतो. यंत्राच्या मनात तो प्रश्नच येत नाही.

जेसन डोनेनफेल्ड यांनी वेगळी वाट धरली: वाचणारे वाढत नसतील तर पोथीच लहान करू. सुमारे ४,००० ओळींचं त्यांचं वायरगार्ड हे व्हीपीएन मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आलं. एका माणसाला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचता येईल एवढं. मला हा विचार आजही सगळ्यांत प्रामाणिक वाटतो.

तरी मे २०२४ मध्ये व्हीपीएनला बगल देणारा ‘टनेलव्हिजन’ हा हल्ला समोर आला. वाय-फायला जोडताना संगणकाला पत्ता देणारी डीएचसीपी यंत्रणा त्याला वाटाही सुचवू शकते. ही सोय २००२ पासूनची. त्याच नेटवर्कवरच्या भामट्याने जास्त नेमकी वाट सुचवली की माहिती बोगद्यात न शिरता बाहेरूनच जाते आणि व्हीपीएन मात्र ‘जोडलेलं’ दिसत राहतं. व्हीपीएनचा कोड कितीही वेळा वाचला असता तरी ही चूक त्यात सापडली नसती. अँड्रॉइड यातून सुटलं, कारण ती सोय त्यात घातलेलीच नव्हती.