मोजपट्टी बदलली म्हणून?

मॉर्निंग वॉकच्या प्रत्येक कट्ट्यावर एक गृहस्थ असतातच. ‘‘डायबेटिस वाढलाय कुठे? कंपन्यांना गोळ्या खपवायच्या होत्या, म्हणून आकडा खाली आणला. झाले पेशंट!’’ हे हसण्यावारी नेता येत नाही, कारण त्यातलं अर्धं खरं आहे. उपाशीपोटीच्या साखरेची मर्यादा पूर्वी १४० होती. १९९७ साली अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने ती १२६ केली, १९९९ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही तीच धरली. १३० वाला माणूस बसल्या जागी मधुमेही झाला. ग्लुकोज पाजून दोन तासांनी तपासल्यावर सापडणारे बरेच रुग्ण १४० च्या चाळणीतून निसटत होते, हे त्यामागचं कारण मात्र कट्ट्यावर कोणी सांगत नाही.

उरलेलं अर्धं तपासायला सामोआ बरा. पॅसिफिक महासागरातला हा देश जेमतेम दोन लाख वस्तीचा. तिथे १९७८ पासून अधूनमधून मधुमेहाची सर्वेक्षणं झाली. पण निरनिराळ्या सर्वेक्षणांचे छापील टक्के ओळीने मांडून रेघ ओढली, तर ती फसवी निघू शकते. कुठे उपाशीपोटीची साखर, कुठे ग्लुकोजनंतरची. कुठे शहरी माणसं जास्त, कुठे म्हातारी.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी ते टक्के बाजूला ठेवले आणि मूळ नोंदी काढल्या: एकेका माणसाचं वय, गाव की शहर, उपाशीपोटीचा आकडा, औषध चालू आहे का. १९७८ च्या माणसालाही १२६ चीच मर्यादा लावली. मग जनगणनेशी वय आणि वस्तीचा मेळ घातला. २५ ते ६४ वयाच्या पुरुषांत १९७८ साली मधुमेह १.२ टक्के होता, २०१३ साली १९.६. बायकांत २.२ चे १९.५ झाले. मोजपट्टी तीच, माप पुरुषांत सोळापट, बायकांत जवळजवळ नऊपट. कट्ट्यावरच्या गृहस्थांचा मुद्दा इथे संपतो.

मग ही वाढ कशामुळे? लोक लगेच जनुकांकडे वळतात. उपासमारीत टिकलेल्यांच्या अंगी चरबी साठवणारं ‘काटकसरी’ जनुक असतं, अशी कल्पना जनुकशास्त्रज्ञ जेम्स नील यांनी १९६२ साली मांडली. पॅसिफिकला ती अगदी चपखल वाटली. गंमत अशी, की २०१६ साली सामोअन लोकांत वजन वाढवणारा एक जनुकभेद खरोखर सापडला, पण तो बाळगणाऱ्यांत मधुमेहाचा धोका उलट कमी निघाला! बाजाराची गोष्ट त्याहून सरळ आहे. टर्कीच्या चरबीदार शेपट्यांची आयात सामोआने लोकांच्या आरोग्यासाठी २००७ साली बंद केली होती. जागतिक व्यापार संघटनेत शिरण्यासाठी ती बंदी उठवावी लागली.

तरी ‘आज किती जणांना आहे’ आणि ‘दरवर्षी किती जणांना नव्याने होतो’ हे दोन प्रश्न वेगळेच ठेवले पाहिजेत. एसटी स्टँडवरची गर्दी नुसती येणाऱ्यांवर ठरत नाही, किती जण गाडीत बसून गेले यावरही ठरते. फॉस्फेटच्या पैशाने एकाएकी श्रीमंत झालेल्या पॅसिफिकमधल्याच नाउरू बेटावर १९७५-७६ साली मधुमेहतज्ज्ञ पॉल झिमेट आणि सहकाऱ्यांना साधारण तिसरा हिस्सा प्रौढ मधुमेही आढळले. पुढे १९८७ पर्यंत नव्याने मधुमेह होण्याचं प्रमाण घटलं. आनंदाची बातमी? संशोधकांनी मांडलेली एक शक्यता अशी, की ज्यांना होण्यासारखा होता त्यांना तो होऊन चुकला, आणि त्यांतले बरेच लवकर गेले.

म्हणजे गृहस्थांचा संशय फुकटचा नाही. तो चढत्या आकड्यापेक्षा उतरत्या आकड्यावर घ्यायला हवा. आणि चढत्यावर घ्यायचाच, तर वेगळ्या कारणाने: उपचार सुधारले, रुग्ण जास्त जगले, तरी टक्का वाढतोच. सामोआच्या १९.६ मध्ये असे किती, हे दर दहा वर्षांनी नवी माणसं पकडून रक्त काढल्याने कळणार नाही. त्यासाठी तीच माणसं वर्षानुवर्षं पुन्हा तपासावी लागतात आणि मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार किंवा किडनी लिहिताना खाली मधुमेहही लिहावा लागतो. दाखल्यावरची ती ओळ बऱ्याचदा सुटते.