खतं कुणाची बुडवायची?



इंद्रायणीत गाथा बुडवल्याची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच्या आधी त्याच नदीत आणखी काही कागद बुडाले होते. आजचं चिंतन त्या कागदांवर.

तुकोबांच्या घरी पिढीजात महाजनकी आणि सावकारी. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात सगळं कोसळलं. पैसा गेला, मान गेला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, दिवाळं निघालं. पुढे भक्तीची वाट धरल्यावर, लोकांकडून येणं असलेली कर्जखतं त्यांनी नदीत सोडायला काढली. महिपतीबुवांनी लिहिलेल्या चरित्रातला एक तपशील इथे आपण घाईत वाचून पुढे जातो. निम्मी खतं त्यांनी धाकट्या भावाला, कान्होबांना दिली. बुडवली ती फक्त स्वतःच्या वाट्याची.

हे आज आठवायचं कारण घरचंच आहे. माझा मावसभाऊ धाराशिव जिल्ह्यात ठिबकच्या साहित्याचं दुकान चालवायचा. माल उधारीवर गेला, पावसाने दगा दिला, वसुली झाली नाही. आता तो नादारीचा अर्ज करायच्या तयारीत आहे. मुंबईला 1909 चा वेगळा कायदा आहे, धाराशिवसारख्या जिल्ह्यांत 1920 चा प्रांतिक नादारी कायदा चालतो. अर्जात कुणाचं किती देणं, त्यांची नावं-पत्ते आणि आपल्याकडे काय काय आहे, ते सगळं लिहावं लागतं.

मी पडलो इंजिनिअर, त्यामुळे एक्सेल शीट माझ्याकडे आली. बँक, पतसंस्था, होलसेलवाले, दुकानात कामाला असलेल्या पोराचा तीन महिन्यांचा पगार. आणि आमच्या मामांचे दोन लाख. सोयाबीनचे पैसे, कुठलाही कागद न करता दिलेले.

दादा म्हणाला, "हातात आहेत तेवढ्यातून मामांचे देऊन टाकतो, मग अर्ज करू. त्यांचं नाव शीटमध्ये नको."

मामा माझेही आहेत. त्यामुळे प्रश्न सोपा नव्हता.

कायदा सांगतो की अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एकालाच झुकतं माप द्यायच्या हेतूने दिलेले पैसे रद्द ठरू शकतात. पण कायदा घटकाभर बाजूला ठेवू. धर्म काय सांगतो? दादाच्या हातातले ते दोन लाख आता त्याच्या एकट्याचे राहिलेत का? त्यात त्या पोराचा पगारही आहे. मामांना सगळे दिले की त्या पोराचा वाटा बुडाला. तुकोबांनी कान्होबांच्या वाट्याच्या एका खतालाही हात लावला नाही. मग दादाला त्या पोराचं येणं परस्पर कसं सोडता येईल?

कुणी म्हणेल, नादारीचा अर्ज म्हणजे तरी कर्ज बुडवणंच ना? काही बुडणार आहे, हे खरं. पण ते ठरवणारा दादा नसतो. तो सगळं उघड मांडतो, ज्यांचं येणं आहे त्यांना नोटीस जाते, जे आहे ते वाटलं जातं, आणि बाकीच्यातून मोकळं करायचं की नाही ते न्यायाधीश ठरवतात. फसवून घेतलेलं कर्ज आणि सरकारी देणं तर त्यातूनही सुटत नाही. वहिनींना मंगळसूत्राची धास्ती होती, पण धर्मरीतीने बाईला उतरवता न येणारा दागिना, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं ही जप्तीतून वगळलेली आहेत.

मामांना आपलं येणं सोडायचं असेल तर ते सोडतील. तो हक्क त्यांचा. आणि कर्जातून सुटका झाल्यावर दादाने पुढे स्वतःच्या कमाईतून मामांना काही दिलं, तर कायदा आडवा येत नाही.

शीटमध्ये मामांचं नाव आता सातव्या ओळीत आहे, दोन लाख, पूर्ण. रविवारी आम्ही दोघं तेरला, गोरोबाकाकांच्या गावी, मामांकडे जाणार आहोत. हे त्यांना समोर बसूनच सांगायला हवं.

आजचा संकल्प: आपल्यावर कुणाचं काय देणं आहे, याची एक यादी काढू या. जवळचा-लांबचा असा भेद न करता.

राम कृष्ण हरी!